टॉर्चला लागणारं स्पिरिट

आमच्या दुकानातून पाण्याची टाकी नेणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. "अप्पा आत बसले होते का?"

पत्रा किती जाडीचा, सांधा कशानं मारला, रंगाचे हात किती दिले, याची कुणाला फिकीर नव्हती. अप्पा म्हणजे माझे वडील. ते टाकीच्या आत बसून आले असले की टाकी पक्की, नाहीतर नाही. मी आयटीआय केलेला माणूस. लातूरच्या एमआयडीसीत पाच वर्षं वेल्डिंग केलं, मग मुखेडला परत येऊन अप्पांच्याच दुकानात हात काळे करत राहिलो. तरी माझ्या सांध्याला भाव होता तो अप्पांच्या बसण्यामुळं. याचा मला राग यायचा. नाही कशाला म्हणू?

नवी टाकी गळते का ते बघायचं तर ती पाण्यानं भरायची, ही साधी रीत. पण मी सांगतोय त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं तीही सोय नव्हती. टाकी तपासायला पाणी द्या असं कुणाला म्हटलं असतं तर मार खाल्ला असता. गावोगावचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतील अशा टाक्या करून मागत होते, म्हणजे जिथं पाणी मिळेल तिथून स्वतःच भरून आणता येईल. सांध्याला आतून रॉकेल लावून बाहेरून खडू फासला तरी गळती कळते. पण तसं केलं की महिनाभर पाण्याला रॉकेलचा वास येतो. एकाला तशी टाकी दिली, तर त्याच्या म्हशीनं पाण्याला तोंड लावलं नाही आणि त्यानं ते अख्ख्या आठवडी बाजारात सांगितलं.

मग अप्पांनी त्यांची रीत काढली. अंगानं ते काटक, सत्तरी उलटलेले. सकाळी ऊन तापायच्या आत धोतर वर खोचून ते टाकीच्या तोंडातून आत उतरायचे आणि मांडी घालून बसायचे. मी वरून झाकण लावून त्यावर पोतं टाकायचो. आत मिट्ट काळोख. डोळ्यांना त्याची सवय होईपर्यंत ते जप करायचे, बाहेर नुसती घुमल्यासारखी कुणकुण ऐकू यायची. मग मी पेटलेला हॅलोजन दिवा प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवायचो. सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं असलं तरी आत त्यांना उजेडाचा ठिपका दिसायचा. "थांब. हितं हाय," असं म्हणून ते आतून खिळ्यानं टकटक करायचे आणि मी बाहेरून खडूची खूण करायचो. तेवढी भोकं बुजवली की टाकी तयार. त्या उन्हाळ्यात त्यांनी बसून पास केलेली एकही टाकी परत आली नाही.

अशात मी प्लाझ्माचा टॉर्च आणला.

त्या टॉर्चवर माझा जीव जडला होता हे आधीच कबूल करतो. लातूरच्या ओळखीच्या एका फिटरनं तो हौसेनं घेतला होता आणि त्याला तो जमला नव्हता. हातात धरायचा, किलोभर वजनाचा, पिस्तुलासारखा. त्याला वायर आणि एक लहानशी पेटी. ना ऑक्सिजनचं नळकांडं, ना कॉम्प्रेसर. साध्या घरगुती लाइनवर चालायचा. टॉर्चच्या पोटात थोडंसं पाणी भरायचं आणि मागचं बटण दाबून सोडायचं. आत ठिणगी पडते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ इतकी तापते की तोंडातून पांढरीनिळी जिभली बाहेर येते. ती पत्र्यावरून फिरवली की पत्रा पापडासारखा कापला जातो. त्या वेळी आमच्या भागाचा नवा जिल्हा होणार अशा बातम्या पेपरात येत होत्या. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, त्यांची फाटकं, कमानी, पत्र्यातून कापलेल्या अक्षरांच्या पाट्या. ही सगळी अक्षरं आपल्याच टॉर्चनं कापली जाणार असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. जिल्हा काही झाला नाही.

पाण्यावर चालणारी मशीन मी दुष्काळात आणली म्हणून सगळा बाजार हसला. "माणसाला न्हाई आन ह्याच्या मशीनला पाजून राहिला," असं शेजारचा पंक्चरवाला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. त्यातून तिला साधं पाणी चालायचं नाही. आमच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी म्हणजे निम्मं मीठच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर लागायचं. ते मी बाटल्या बाटल्या विकत आणायचो आणि लोक हसले तर हसू द्यायचो.

पण कापणं सोपं होतं, जोडणं नव्हे. नुसत्या पाण्याच्या वाफेवर वेल्ड केलं की सांधा काळा पडायचा आणि आतून स्पंजासारखा सच्छिद्र यायचा. जोडकामाला पाण्यात निम्मं स्पिरिट मिसळायचं, असं त्या फिटरनं दिलेल्या कागदात लिहिलं होतं. तसं केलं की जिभली मऊ होते आणि पातळ पत्र्यालाही भोक न पाडता सांधा चकचकीत येतो. मी मेडिकलमधून जखमेला लावायचं स्पिरिट आणायला लागलो. आठवड्याला चार-चार बाटल्या. मेडिकलवाला दरवेळी बाटली कागदात गुंडाळून द्यायचा आणि माझ्या डोळ्यांकडं बघायचा. मला त्यातलं काही कळलं नाही. मी टॉर्चच्या नादात होतो.

आता माझा गाढवपणा सांगतो. पाणी आणि स्पिरिट मिसळून ठेवायला घट्ट झाकणाची लहान बाटली हवी होती. ढाब्यामागं दारूच्या क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला असायचा. मापाला चांगली, खिशात मावणारी, झाकण पक्कं. मी एक उचलून आणली. धुवायला पाणी कुठलं? थोडं स्पिरिट घालून खळखळून घेतली आणि टॉर्चच्या पेटीमागं ठेवून दिली. आमचं घर लिंगायत वाण्याचं. घरात कांदा शिजतो तो जरा जपूनच, आणि दारूचं नाव काढायचं झालं तर लोक आवाज खाली आणतात. अशा घरातल्या माणसानं, बाप रोज जिथं येऊन बसतो त्या दुकानात, क्वार्टरची बाटली ठेवली. हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण माझ्या डोळ्यांना ती बाटली दिसत नव्हती, माप दिसत होतं.

सोमवारी अप्पा देवळातून दुकानात यायचे आणि प्रत्येक मशीनला भस्माची तीन बोटं ओढायचे. जुन्या वेल्डिंग मशीनला, ड्रिलला, ग्राइंडरला. त्या सोमवारी ते टॉर्चच्या पेटीकडं वळले, पेटी जरा पुढं ओढली आणि तसेच थांबले. मग बाटली उचलून त्यांनी झाकण उघडलं आणि नाकाजवळ नेलं.

"हे काय हाय?"

"मशीनचं हाय, अप्पा. टॉर्चला लागतं."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. रागावले असते तर मी समजू शकलो असतो. ते रागावले नाहीत. "काय मनलास?" त्यांनी परत विचारलं.

"टॉर्चला लागतं. जोडकामाला. निम्मं पाणी आन निम्मं स्पिरिट."

"मशीन दारू पिती?"

"दारू न्हाई, स्पिरिट. थांबा, दाखवतोच तुम्हाला."

मी बटण दाबलं आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ बदलली होती, ती नेमकी त्या दिवसापासून. मी मोठ्यानं एक शिवी हासडली, देवळातून आलेल्या बापासमोर. लाइट येईपर्यंत बसा म्हणालो. ते बसले नाहीत. भस्माची पुडी धोतराच्या कनवटीला लावून, सकाळी दहा वाजता, घरी गेले. दुकान उघडं टाकून ते असे कधीच गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून आणलं. लाइट होती. पण डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि बॅटरीवाल्याकडचा साठाही संपला होता. मी घाई केली. दुकानातल्या घागरीतलं टँकरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं, त्यात स्पिरिट मिसळलं आणि टॉर्चमध्ये भरलं. अप्पांच्या हातात काळा चष्मा दिला. बटण दाबलं. टॉर्च दोनदा खोकला, तोंडातून थोडी ओली वाफ थुंकला आणि विझला. परत दाबलं, परत तेच. मी तोंड खोलून बघितलं तर आत पांढरा क्षार धरलेला. टाचणीनं खरवडला, परत भरलं, परत दाबलं. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि सगळ्या दुकानात स्पिरिटचा वास भरला होता. अप्पा पाऊण तास चष्मा हातात धरून उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. चष्मा टेबलावर ठेवला आणि गेले.

मला तो टॉर्च भिंतीवर फेकून फोडावासा वाटला. ज्या मशीननं आधीच्या आठवड्यात मऊ लोण्यासारखा पत्रा कापला होता, तिला आजच मरायचं होतं! मला वाटलं, दोन दिवस जातील, अप्पा विसरतील. त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलं. तो मेडिकलवाला मला नंतर म्हणाला, "देवळात विचारले हो अप्पा. आठवड्याला किती नेतो मनून. खोटं कसं सांगू मी?" बरोबरच होतं त्याचं. मी त्याच्याशीही भांडून घेतलं.

अप्पांनी दुकानात येणं बंद केलं. आणि घरात जे केलं ते त्याहून वाईट होतं. रोज पहाटे मी मोटरसायकलला दोन कॅन बांधून तीन किलोमीटरवरच्या एका मळ्यातल्या बोअरवरून पाणी आणायचो. त्यातला पहिला तांब्या अप्पांच्या पूजेचा. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन ते त्याच पाण्यानं पूजा करायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या कॅनमधलं पाणी घेणं सोडलं. चौकात टँकर यायचा त्या रांगेत ते स्वतःचा तांब्या घेऊन उभे राहायला लागले. सगळ्यांच्या हातात घागरी, कळशा, बादल्या, आणि त्यांच्यात हा एक म्हातारा माणूस एका तांब्यासाठी. बायका "अप्पा, तुम्ही फुडं व्हा," म्हणायच्या. ते पुढं व्हायचे नाहीत.

मी रांगेत जाऊन त्यांच्या हातातला तांब्या ओढला. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

"माझ्या पाण्याला काय झालंय?"

"पाण्याला काय न्हाई झालं," ते म्हणाले आणि तांब्या परत घेतला.

घरी बायकोनं मला वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा, तुम्ही घेत न्हाई ना?" मी ताटावरून उठलो. माणूस तीस वर्षं सुपारीसुद्धा खात नाही, आणि एका बाटलीच्या आकारावरून सगळं घर त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लागतं. मी काय करायचं होतं? मशीनच्या कागदाची झेरॉक्स काढून कपाळाला चिकटवायची होती?

काम तर थांबत नव्हतं. देगलूर रस्त्याच्या एका गावच्या शेतकऱ्याची टाकी तयार झाली होती. तिचे सांधे मी हट्टानं टॉर्चनंच मारले होते, तोंडातला क्षार पुन्हा पुन्हा टाचणीनं खरवडत. अप्पा नाहीत म्हणून मी स्वतः आत बसलो. बायकोला दुकानात बोलावून तिच्या हातात हॅलोजन दिला. काळोखात बसून मी डोळे फाडून बघत होतो आणि खरं सांगायचं तर ठिपका दिसू नये असंच मनात होतं. बायकोनं दिवा भराभर फिरवला, तिला घरी स्वयंपाक पडला होता. मीही सावकाश फिरव म्हणालो नाही. ठिपका दिसला नाही. मी बाहेर आलो.

शेतकरी ट्रॉली घेऊन आला. टाकीवर हात फिरवत त्यानं विचारलं, "अप्पा आत बसले होते का?"

"हाव," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. मला वाटलं, टाकी चांगली आहे, तर काय बिघडतं?

तिसऱ्या दिवशी तो परत आला, पण दुकानात नाही. तो थेट घरी गेला, अप्पांकडं. दूरच्या एका विहिरीवर अर्धा दिवस ताटकळत त्यानं टाकी भरली होती आणि गावात पोचेपर्यंत ती निम्मी रिकामी झाली होती. खालच्या सांध्याला एक वीतभर जागा स्पंजासारखी होती, क्षार धरलेल्या टॉर्चनं मारलेली. मागून येणाऱ्या बाया रस्त्यावरच्या ओलीकडं बघून हळहळत होत्या, असं तो सांगत होता. मी जेवायला म्हणून घरी आलो तेव्हा तो ओसरीवर उभा राहून बोलत होता. मी दाराबाहेरच थांबलो.

"तुम्ही आत बसला होता मनून मी टाकी नेली, अप्पा. तुमच्या पोरानं सांगितलं. बसला होता ना तुम्ही?"

अप्पा म्हणाले, "बसलो होतो बाबा. डोळं गेलं माझं. दिसलं न्हाई."

तो माणूस एकदम नरमला. म्हाताऱ्या माणसाला आपण उगाच बोललो असं त्याला वाटलं असावं. टाकी दुरुस्त करून देतो असं मी आत येऊन म्हणालो. अप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. दोन दिवसांत सगळ्या बाजारात झालं की अप्पांची नजर गेली. मग कुणी तो प्रश्न विचारेना. इतके दिवस मला ज्या प्रश्नाचा राग आला तो बंद झाला, आणि तो मी बंद केला होता.

मी टाकी उलटी करून तो सांधा ग्राइंडरनं काढला आणि जुन्या मशीनवर रॉडनं परत मारला, अप्पांच्या पद्धतीनं. संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा काम झालं. दुकानात मी एकटा. समोर ती बाटली. मला इतका संताप आला होता की नेमका कुणाचा ते मला सांगता आलं नसतं. अप्पांचा, टॉर्चचा, त्या शेतकऱ्याचा, माझा. पितो म्हणतात ना सगळे? मग पितोच. झाकण उघडून एक घोट तोंडात घेतला.

घशातून निखारा गेल्यासारखं झालं. मी दुकानामागं धावलो आणि भडाभडा ओकलो. तोंड धुतलं, परत ओकलो, परत धुतलं. चुळा भरता भरता अख्खी घागर संपवली, प्यायच्या पाण्याची. डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी गेलो तेव्हा बायकोनं दार उघडलं, एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. मी न जेवता पडलो. तिला कळलं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं आणि मागं वळलो तर अप्पा उभे. कपाळावर भस्म, खांद्यावर टॉवेल. आत येऊन त्यांनी त्यांचं स्टूल टॉवेलनं झटकलं आणि बसले.

"तुझा चुलता कशानं गेला, ठाव हाय का?"

चुलता म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. देगलूरला त्याचं फर्निचरचं दुकान होतं. मी तेव्हा लहान होतो. "काविळीनं," मी म्हणालो.

"कावीळ लोकाला सांगायला." ते जमिनीकडं बघून बोलत होते. "लई बारीक काम त्याचं. लाकडाला पॉलिश मारायचा. एक डाव मी गेलो तर दुकानात स्पिरिटचा वास. मी विचारलो, हे काय हाय? तो मनला, पॉलिशला लागतं. मला शक आला. त्याच्या हातचं पाणी मी बंद केलो. दुकानात जायाचं बंद केलो. आठ महिने गेलो न्हाई. मग निरोप आला, तवा गेलो. त्याला उचलून आणायलाच गेलो."

रस्त्यावरून टँकर गेला, त्याच्या मागं पोरं आणि बादल्या पळत गेल्या.

"पॉलिशला खरंच लागतं, अप्पा," मी म्हणालो.

"लागतं. मी नंतर दहा जणाला विचारलो. लागतं मनले." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तो पहिल्या दिवशी खरं बोलला का खोटं, मला आजपस्तोर ठाव न्हाई. मी बसलोच न्हाई तिथं. बसलो असतो तर कळलं असतं."

"मी खरं बोललो होतो. पहिल्या दिवशी."

"आन परवा?"

मग मला कळलं की बायकोनं त्यांना सांगितलंय. मी मान खाली घातली. "परवा एक घोट घेतला. ओकून टाकला. आन त्या टाकीचं मी खोटं सांगितलो, ते बी..."

"ते जाऊ दे." त्यांनी हात हलवला. "आता तू खरं बोल न्हाईतर खोटं बोल. मी हितंच बसणार हाय."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला रागच आला. तीन आठवडे मी एकाच गोष्टीसाठी जीव काढत होतो, की मशीनला खरंच स्पिरिट लागतं, मी खोटारडा नाही. आणि आता हे म्हणत होते की खोटारडा असलास तरी चालेल. मला तसं चालणार नव्हतं. आदल्या दिवशीच मी अहमदपूरहून डिस्टिल्ड वॉटर आणलं होतं आणि टॉर्चचं तोंड नवं बसवलं होतं. मी टॉर्च भरला, चष्मा त्यांच्या हातात कोंबला आणि बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात पेटला. काय जिभली आली! पांढरी, निळी, सुईसारखी सरळ. मी पत्र्याचे दोन तुकडे शेजारी धरले आणि वीतभर सांधा मारला, एकसारखा, चांदीच्या तारेसारखा. "बघा अप्पा, बघा," मी ओरडलो.

अप्पांनी चष्मा घातलाच नव्हता. ते पाठ करून बसले होते आणि डब्यातले नट-बोल्ट वेगळे करत होते. "हाव, हाव, पेटली," ते न बघताच म्हणाले.

त्यांनी ती मशीन पेटलेली कधीच बघितली नाही. त्यानंतर सहा वर्षं ते रोज दुकानात आले. डोळे गेले अशी बोलवा झाली होती तरी टाकीत उतरत राहिले, आणि स्पिरिट दुकानातच होतं. आता ते औषधाच्या चौकोनी बाटलीत, वर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावून. पूजेचं पाणीही त्यांनी परत माझ्या कॅनमधून घ्यायला सुरुवात केली. पण रोज सकाळी आल्या आल्या ते माझ्याशी काहीतरी बोलायला जवळ यायचे. पाऊस पडेल का, आज गिऱ्हाईक किती, असलंच काहीतरी. बोलताना माझ्या तोंडासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे आणि मी उत्तर देईपर्यंत श्वास धरून थांबायचे. ते काय करतायत ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला दर वेळी चीड यायची. मी तोंड वळवलं नाही. लांबलचक उत्तर द्यायचो.